लादी पुसली, तरी पाय का चिकटतात?

लादी पुसून अर्धा तास झाला की चप्पल काढा आणि खोलीत अनवाणी एक फेरी मारा. पाऊल उचलताना तळव्याला ओढ बसली, चटचट आवाज आला, किंवा खिडकीच्या उजेडात वाकून पाहिल्यावर फडक्याचे अर्धगोल फराटे आणि पावलांचे ठसे दिसले, तर समजा की लादीवर पुसायचं औषध, म्हणजे फिनेल किंवा साबण, उरलंय. घाण बहुधा गेलेली असते. ती काढायला जे घातलं, ते तिथेच राहिलेलं असतं.

नवी मुंबईत घणसोलीला नुकतीच राहायला आलेली माझी भाची फोनवर हेच रडगाणं गात होती. "आत्या, मी बादलीत दोन-दोन झाकणं टाकते गं, तरी संध्याकाळपर्यंत लादी काळी!" दोन झाकणं टाकतेस म्हणूनच काळी होते, हे तिला पटायला पुढचे दोन रविवार गेले. ज्यांनी आजवर लादी पुसलेली पाहिली पण स्वतः पुसली नाही, अशा नव्या बिऱ्हाडवाल्यांसाठी त्या दोन रविवारांचा हा हिशोब.

पाणी उडून जातं, पण त्यात विरघळलेलं बहुतेक सगळं मागेच राहतं. साबण, फिनेल, त्यातला रंग, टँकरच्या पाण्यातले क्षार, आधीच्या खोलीतून उचललेली धूळ, सगळं पातळ थर होऊन लादीवर बसतं. त्यात साबणाच्या जातीच्या द्रवांचं कामच मुळी तेल आणि धूळ धरून ठेवण्याचं. वाळल्यावरही ते हे काम सोडत नाहीत. बाहेरून आलेली धूळ, तळव्यांचा घाम, फोडणीचा उडालेला अंश, सगळं धरून बसतात. दुसऱ्या दिवशी लादी आणखी मळकट दिसते, मग आपण आणखी एक झाकण ओततो.

आधी लादी कोणती ते बघा

ठाणे-नवी मुंबईतल्या गेल्या वीसेक वर्षांतल्या इमारतींत बहुतेक ठिकाणी व्हिट्रिफाइड टाइल्स असतात, साधारण २ बाय २ फुटांच्या किंवा त्याहून मोठ्या. ही लादी जवळजवळ पाणी पीतच नाही, वजनाच्या ०.५ टक्क्याहूनही कमी. म्हणजे तिच्यावर जे पडतं ते आत जात नाही, वरच वाळतं. चकचकीत पॉलिशवाली असेल तर फिकटसा थरही लगेच डोळ्यांत भरतो. बाथरूम-गॅलरीतल्या खरखरीत टाइल्सना तो दिसत नाही, पण खाचांत साचत जातो.

जुनी घरं मात्र वेगळी. मी ठाण्याच्या नौपाड्यात शहाबादीवर रांगले. सिडकोच्या जुन्या वसाहतींत मोझॅक आहे, जिन्यांना कोटा, ओट्याला कडप्पा, देव्हाऱ्याखाली संगमरवर. कर्नाटकातलं शहाबाद, राजस्थानातलं कोटा, आंध्रातलं कडप्पा, गावं एकमेकांपासून शेकडो कोसांवर, पण दगडाचं कूळ एक: चुनखडी. संगमरवरही त्याच कुळातला. मोझॅकमध्ये संगमरवराची खडी आणि सिमेंट. या सगळ्यांचा वैरी एकच, आंबट. लिंबू, व्हिनेगर, चिंच, संडास साफ करायचं ॲसिड, यांतलं काहीही पडलं की दगडाचा वरचा पापुद्रा विरघळतो. तो डाग नसतो, तिथला दगडच गेलेला असतो, त्यामुळे कितीही पुसलं तरी चमक परत येत नाही.

हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही. पाडव्याच्या आदल्या दिवशी समई आणि तांब्या चिंचेनं लख्ख घासले, घाईत नीट विसळले नाहीत आणि ओलेच देव्हाऱ्यासमोरच्या संगमरवरावर ठेवले. सकाळी उचलले तर खाली दोन वाटोळी, मंद, पांढुरकी कडी. आजही आहेत. आता त्यांच्यावर चौरंग असतो.

आपली लादी कुठल्या जातीची हे कळत नसेल तर कपाटाखालच्या किंवा सोफ्यामागच्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाका आणि वाकून बघा. बारीक बुडबुडे आले की चुनखडीचं कूळ. लगेच पुसून पाण्यानं धुवा. तेवढा एक ठिपका राहील, म्हणून तर कोपरा निवडायचा.

लाकडासारख्या दिसणाऱ्या लॅमिनेटवर ओलं फडकं म्हणजे पिळून पिळून कोरडं म्हणावं इतकंच ओलं. सांध्यातून पाणी आत गेलं की पट्ट्या फुगतात, आणि फुगलेली पट्टी परत बसत नाही. वाफेचा मॉपही त्यावर नको.

थर कसला आहे?

सगळे थर एकाच उपायानं निघत नाहीत, म्हणून उपसाउपशी करण्याआधी पाच मिनिटं तपासात घालवा. एक पांढरं सुती फडकं गरम पाण्यात बुडवून घट्ट पिळा, लादीचा हातभर तुकडा नीट पुसा आणि दुसऱ्या कोरड्या फडक्यानं लगेच टिपून घ्या. मग उजेडाच्या दिशेनं बघा.

पुसलेला तुकडा बाजूपेक्षा स्वच्छ, मोकळा दिसतो आणि फडकं राखाडी, किंचित बुळबुळीत झालंय? मग साबण-फिनेलचा थर. हा सगळ्यांत सोपा. फडकं पिवळट आणि ओशट झालं, विशेषतः ओट्यासमोर आणि जेवणाच्या टेबलाखाली, तर तेल. फडक्यावर काहीच आलं नाही, ओलं असताना लादी छान दिसली आणि वाळताच पुन्हा पांढुरकी, नख फिरवलं तर खरखर, तर पाण्यातले क्षार. आणि दगडाच्या लादीवर थेंबांच्या, ओघळांच्या, भांड्याच्या बुडाच्या आकाराचे मंद ठिपके असतील, हाताला थोडे खडबडीत लागत असतील, तर थांबा. ते आंबटानं खाल्लेलं आहे. त्याबद्दल शेवटी.

जुना थर उतरवणं: एका रविवारचं काम

हे एकदाच करायचं आहे. एक खोली घ्या, सगळं घर एका दमात काढू नका.

साबणाचा थर असेल तर औषधाची बाटली कपाटात बंद. नुसतं गरम पाणी घ्या, हाताला सोसेल इतकं. लादीचा चार बाय चार फुटांचा तुकडा ओला करा, दोन-तीन मिनिटं तसाच भिजू द्या, मग घासून पुसा आणि फडकं दुसऱ्या बादलीत पिळा. पहिल्यांदा साध्या पाण्यालाही फेस येईल. आपण साबण घातलेलाच नाही, मग हा फेस कुठून आला? तो गेल्या सहा महिन्यांचा. भाचीकडे तिसऱ्या बादलीपर्यंत फेस येत होता. तिनं त्याचा फोटो काढून आईला पाठवला. फेस येणं बंद झालं की त्या तुकड्याचं काम झालं. शेवटी कोरड्या पंच्यानं टिपून घ्या.

तेलासाठी, आणि फक्त टाइल्ससाठी, धुण्याचा सोडा: ५ लिटर गरम पाण्यात एक मोठा चमचा. हातात रबरी मोजे घाला, सोडा कातडी कोरडी पाडतो. ओतून पाच मिनिटं थांबा, सांध्यांवर जुना दात घासायचा ब्रश फिरवा आणि मग साध्या पाण्यानं दोनदा पुसा. दोनदा म्हणजे दोनदाच. सोडा मागे राहिला तर वाळल्यावर पांढरी भुकटी दिसते आणि तुम्ही क्षार समजून व्हिनेगरच्या मागे लागता. खायचा सोडाही असाच मागे पांढरं सोडतो. तो टाकून लादी पुसण्याचे जे व्हिडिओ फिरतात, त्यांत पुसल्यानंतरची वाळलेली लादी सहसा दाखवत नाहीत. दगडाच्या लादीवर तेल असेल तर भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब कोमट पाण्यात, एवढ्यावरच थांबा.

क्षारांच्या थरासाठी, आणि पुन्हा सांगते, टाइल्सवरच, ५ लिटर पाण्यात अर्धा कप पांढरं व्हिनेगर. पाच मिनिटांत पुसून साध्या पाण्यानं धुवायचं. सांध्यांतलं सिमेंटही चुन्याच्याच नात्यातलं असतं, त्यामुळे दर आठवड्याला व्हिनेगर हे लाड नकोत. वर्षातून दोनदा पुरे.

एक गोष्ट मात्र विनोदाची नाही. संडास साफ करायचं ॲसिड आणि कपड्यांचं ब्लीच कधीही एका बादलीत, एका नहाणीत, एकामागून एक वापरू नका. दोन्ही मिळून क्लोरीन वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये तो छातीत बसतो. व्हिनेगर आणि ब्लीच यांचंही तेच. "दोन चांगली औषधं मिळून जास्त चांगलं" हे इथे चालत नाही.

पाणी कुठलं आहे, तेही बघा

ठाण्याला महापालिकेचं पाणी भातसा-उल्हास नद्यांवरून येतं, नवी मुंबई महापालिकेचं मोरबे धरणातून. हे पाणी लादीला त्रास देत नाही. अडचण असते बोअरवेलच्या आणि टँकरच्या पाण्याची. घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना मे महिन्यातल्या टँकरांबद्दल मी वेगळं काय सांगणार! स्टीलच्या ताटलीत चमचाभर पाणी ठेवून वाळू द्या. पांढरं कडं उरलं तर तेच कडं रोज तुमच्या लादीवरही उरतंय.

आणि आता ते, जे ऐकून माझ्या शेजारीणबाई दोन दिवस रुसल्या होत्या. आरओ फिल्टरचं टाकाऊ पाणी साठवून त्यानं लादी पुसायची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. पाणी वाचवायचा हेतू चांगला, पण फिल्टरनं पिण्याच्या पाण्यातून जे क्षार बाजूला काढले ते सगळे त्याच नळीत आलेले असतात. सोसायटीला टँकरचं पाणी असेल तर हे पाणी म्हणजे टँकरचाच काढा. संडासात ओता, गॅलरी आणि जिना धुवा, चकचकीत लादीला नको.

याच्या उलट एसीच्या नळीतून टपकणारं पाणी. ते हवेतली वाफ थंड होऊन झालेलं, त्यात क्षार जवळजवळ नसतातच. प्यायचं नाही, पण शेवटचा हात फिरवायला याच्यासारखं पाणी नाही. एप्रिल-मेमध्ये रात्रभरात बादलीचा तळ सहज भरतो. आमच्या हॉलमधली काळी टाइल, जिच्यावर थेंब वाळला तरी दिसतो, ती मी त्याच पाण्यानं पुसते.

रोजचं पुसणं

आधी केर. कोरडी धूळ जितकी कोरडीच निघेल तितकं पुढचं काम हलकं. घोडबंदरला सगळीकडे काही ना काही बांधकाम चालू असतं, त्यामुळे धूळ सिमेंटच्या जातीची. तिच्यावर थेट पाणी पडलं की तिचा लगदा होतो आणि सांध्यांत जाऊन बसतो. पंखा बंद करा, कोपऱ्यांतून दाराकडे या, सुपलीत भरा. नवा फुलझाडू पहिले आठ दिवस स्वतःच भुसा गाळतो. ठाण्याच्या बाजारातून, जांभळी नाक्यावरून आणला की गॅलरीच्या कठड्यावर दहा-पंधरा वेळा दणादण आपटायचा आणि मगच घरात घ्यायचा. सिमेंटच्या बारीक भुकटीसाठी झाडूपेक्षा कोरडा मायक्रोफायबर मॉप बरा. झाडू तिला उडवतो, मॉप धरून ठेवतो.

मग दोन बादल्या. सगळ्या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. एका बादलीत स्वच्छ पाणी, दुसरी रिकामी. फडकं स्वच्छ पाण्यात बुडवायचं, लादी पुसायची, मळकं फडकं रिकाम्या बादलीवर पिळायचं, वरून मगभर पाणी ओतून पुन्हा पिळायचं आणि मगच स्वच्छ बादलीत घालायचं. एकाच बादलीत बुडवत राहिलात तर तिसऱ्या खोलीत तुम्ही पहिल्या खोलीची धूळ पसरवत असता. फिरकीच्या मॉपचं हेच दुखणं आहे. जाळीत गरगर फिरवून पाणी निघतं खरं, पण पुढच्या वेळी तो त्याच मळक्या पाण्यात बुडतो. फिरकी मॉप असेल तर दर खोलीला पाणी बदला.

औषध घालायचंच असेल तर मापानं. झाकण हे माप नाही. प्रत्येक बाटलीचं झाकण वेगळं, आणि बादली "अर्धी" म्हणजे किती, हे प्रत्येक घरात वेगळं. बादलीत ५ लिटर पाणी मोजून ओता आणि पाण्याच्या रेषेवर बाहेरून मार्करनं खूण करा. खोकल्याच्या औषधाबरोबर येतं ते मिलिलिटरच्या रेघा असलेलं छोटं मापटं धुऊन फिनेलच्या बाटलीला दोऱ्यानं बांधून ठेवा. बाटलीवर जे प्रमाण लिहिलंय त्याच्या वर एक थेंब नाही. आणि रोज तर गरजच नाही. दोघांच्या, चपला दाराबाहेर काढणाऱ्या घरात आठवड्यातून दोन दिवस औषध, बाकीचे दिवस नुसतं पाणी. घरात रांगतं मूल असेल तर औषधाच्या दिवशी साध्या पाण्याचा दुसरा हात अजिबात चुकवू नका. त्याचे तळवे लादीवर, आणि तेच तळवे पाच मिनिटांनी तोंडात.

फडक्याबद्दल. जुना सुती बनियन, विरलेला पंचा, मऊ पडलेला टॉवेल, यांच्यावर काम भागतं, दुकानातलं महाग फडकं लागत नाही. चौघडी घाला, एक बाजू मळली की दुसरी. एका फडक्याच्या आठ बाजू होतात, वन-रूम-किचनला दोन फडकी पुरतात. फडकं इतकं पिळा की उचलल्यावर एकही थेंब पडू नये. लादीवर पाण्याचे ओघळ दिसले तर ते ओघळच वाळून फराटे होणार. दाराच्या समोरच्या भिंतीपासून सुरुवात करून मागे मागे सरकत दाराशी या. हे सांगायची गरज नाही असं वाटेल, पण भाची पहिल्या रविवारी स्वतःला बेडरूमच्या कोपऱ्यात कोंडून बसली होती.

औषधाच्या दिवशी साध्या पाण्याचा दुसरा हात, मग कोरडं फडकं किंवा पंखा. काळ्या, गडद, चकचकीत लादीला पंख्यावर सोडू नका, हातानंच टिपा.

फडकी धुण्यातही एक चोरवाट आहे. कपड्यांना वास यावा म्हणून शेवटच्या पाण्यात जे सॉफ्टनर घालतात, त्यात लादीची फडकी कधीच नकोत. ते धाग्यांवर मेणासारखा थर चढवतं. फडकं पाणी शोषायचं थांबतं, आणि तो थर पुसताना लादीवर उतरतो. डिटर्जंटही नीट निघेपर्यंत विसळा. साबण भरलेलं फडकं म्हणजे न ओतलेलं झाकणच.

मीठ, फिनेल, रांगोळी

बादलीत मूठभर खडेमीठ टाकलं की घरातली नजर-पीडा जाते म्हणतात. नजरेचं मला माहीत नाही, पण मीठ कुठे जातं ते माहीत आहे: कुठेच नाही. पाणी उडतं, मीठ लादीवर राहतं. आपल्याकडच्या दमट हवेत मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून पावसाळ्यात ती लादी दिवसभर दमट, चिकट लागते. आमच्या वन्सं शनिवारी मीठ घालतातच. मी त्यांना एवढंच सांगितलं की मिठाचं पुसून झालं की साध्या पाण्याचा हात फिरवा. श्रद्धेला धक्का नाही आणि लादीलाही नाही.

पांढरं फिनेल पाण्यात टाकलं की दुधासारखं होतं, कारण त्यातलं तेल साबणाच्या आधारानं पाण्यात तरंगतं. वाळताना तेल आणि साबण दोन्ही खाली बसतात. नहाणी-संडासाला ठीक, हॉलला मी वापरत नाही.

रांगोळी ओल्या फडक्यानं पुसू नका. आधी कोरड्या मऊ ब्रशनं किंवा झाडूनं गोळा करा, मग ओलं. दगडाच्या लादीवर रंगीत रांगोळी ओली झाली की रंग छिद्रांत उतरतो. पणतीचं तेल कोटा लादीवर सांडलं तर घासू नका. टिपून घ्या, वर टाल्कम पावडरचा जाड थर द्या, रात्रभर राहू द्या, सकाळी झाडा. एका रात्रीत नाही गेलं तर दुसऱ्या रात्री पुन्हा. हळदीचा डाग घासून दमू नका. साबणाच्या पाण्यानं जमेल तेवढा काढा, उरलेला जिथे ऊन येतं तिथला असेल तर ऊनच चार दिवसांत फिकट करतं.

नवा ताबा मिळालेला फ्लॅट

इथे क्रम चुकला की महिनाभर निस्तरत बसावं लागतं. बिल्डरची माणसं "सफाई करून" देतात म्हणजे पाणी ओतून वायपर मारतात. पीओपी आणि भिंतींच्या पुट्टीची भुकटी त्यात भिजते आणि सांध्यांत पांढऱ्या चिखलासारखी बसते. ताबा घेतल्यावर आधी कोरडी झाडझूड, शक्य असेल तर व्हॅक्यूमनं, तीही वरून खाली: पंखे, खिडक्यांच्या चौकटी, कपाटांची माथी, शेवटी लादी. रंगाचे थेंब धातूच्या पात्यानं नको, जुन्या एटीएम कार्डाच्या कडेनं आडवे धरून उचला, टाइलवर चरा पडत नाही. पॉलिशच्या नव्या टाइल्सवर कारखान्यातून कधी कधी मेणाचा पातळ थर येतो, वाहतुकीत चरे पडू नयेत म्हणून. त्यावर धूळ चिकटते आणि लोक म्हणतात टाइलच खराब निघाली. तो थर गरम पाणी आणि सोड्याच्या वरच्या उपायानं दोन-तीन फेऱ्यांत निघतो.

टाइल बसवताना वर राहिलेला सिमेंटचा पांढरा पापुद्रा मात्र सोड्याला दाद देत नाही. त्यासाठी हार्डवेअरच्या दुकानात टाइल क्लीनर म्हणून मिळतो तो, सल्फॅमिक ॲसिडवाला घ्या. बाटलीवरचं वाचा, मोजे घाला, खिडक्या उघडा, काम झालं की भरपूर पाणी. दुकानदार सुट्ट्या बाटलीतलं साधं "ॲसिड" पुढे करील, स्वस्त आहे म्हणेल. त्याच्या वाफेनं नळ, बिजागऱ्या आणि स्टीलचं सिंक काळवंडतं. आणि घरात एका जरी उंबऱ्याला, खिडकीच्या पट्टीला किंवा पायरीला संगमरवर असेल, तर त्याच्या जवळपास यातलं कोणतंच नको.

पावसाळा

जून उजाडला की नेहमीच्या पद्धतीनं पुसलेली लादी तासभर वाळत नाही. पाणी निम्मं करा, फडकं आणखी पिळा, आणि पुसून झाल्यावर पंखा लावून खोली रिकामी ठेवा. ओल्या लादीवर चालणं म्हणजे प्रत्येक पावलाचा ठसा वाळवणं. फडकी वाळत नसतील तर तीन-चार जास्तीची ठेवा. आंबूस वास येणारं फडकं लादीलाही तोच वास देतं, वर कितीही फिनेल घाला.

तळमजल्यावर राहणाऱ्यांना एक वेगळाच प्रकार दिसतो, लादीला घाम सुटतो. आपण पुसलेलं नसतानाही लादी ओली. जमिनीलगतची लादी थंड असते, दमट हवा तिला टेकली की तिच्यावर दव पडतं, गार पाण्याच्या तांब्यावर पडतं तसं. याला कुठलंच औषध नाही. खिडक्या थोडा वेळ बंद करून पंखा चालू ठेवा, कोरड्या पंच्यानं टिपा. आधीचा साबणाचा किंवा मिठाचा थर असेल तर याच दवानं लादी निसरडी होते. घरात वयस्क माणूस असेल तर पावसाच्या आधीच तो रविवार काढा.

ताईंना कसं सांगायचं

पुष्कळ घरांत लादी आपण पुसत नाही, घरकामाच्या ताई पुसतात. वरचं सगळं एका दमात त्यांच्यासमोर वाचून दाखवू नका. त्यांची बाजू आधी समजून घ्या. त्यांना केर-लादीला वीस मिनिटं, आणि दिवसाची पाच-सहा घरं. त्या जास्त फिनेल का घालतात, हे मी एकदा आमच्या ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "वास नाही आला ना, तर बाया म्हणतात आज पुसलंच नाही." आम्हीच त्यांना असं शिकवलंय.

मी म्हटलं, ताई, आपल्याकडे वास नको, आठ दिवस नुसतं पाणी घालून बघू. दुसरी बादली मी घेऊन दिली, बाटली वरच्या फळीवर ठेवली, आणि औषधाचे दोन वार ठरवले. पाणी बदलण्यात पाच मिनिटं जास्त जातात, म्हणून गॅलरी रोजची एक दिवसाआड केली. वेळ तेवढाच राहिला नाही तर कुठलीच पद्धत चार दिवसांपलीकडे टिकत नाही.

पुसून न जाणारं

आंबटानं खाल्लेला संगमरवर किंवा कोटा, वर्षानुवर्षं पाय घासून मंद झालेलं मोझॅक, यांना फडकं पुरत नाही. त्यांना मशीनचं पॉलिश लागतं. दगड बारीक बारीक घासत नेऊन पुन्हा नवा पृष्ठभाग काढतात. भाव चौरस फुटावर सांगतात. ठरवण्याआधी पलंगाखालच्या चार फुटांत करून दाखवायला सांगा आणि ते वाळल्यावर, दिवसाच्या उजेडात बघा. ओल्या दगडावर सगळ्यांचंच पॉलिश छान दिसतं. "वरून मेण मारून देतो, तेवढ्यात काम होईल" म्हणणारा असेल तर नको म्हणा, सहा महिन्यांत ते मेण धूळ धरून पिवळं पडतं आणि तुम्ही पुन्हा पहिल्या परिच्छेदात येता. काम चालू असताना दगडाचा राखाडी गाळ निघतो. तो नहाणीच्या जाळीत अजिबात लोटू देऊ नका, आत जाऊन दगडासारखा बसतो. सुपलीनं जुन्या गोणीत भरायला लावा, आणि गोणी कुठे टाकायची ते सोसायटीच्या ऑफिसात आदल्या दिवशीच विचारून ठेवा.